2050 चं पीक आणि त्यातला ‘जर’
(युवा अभ्यास शिबिरातल्या भाषणाचं शब्दांकन)



आयोजकांनी मला विषय दिला होता ‘हवामान बदल आणि शेती’. हा विषय एवढा मोठा आहे की बोलता बोलता माणूस वितळणाऱ्या हिमनगापर्यंत जाऊन पोचतो आणि लातूर, बीड, परभणी मागेच राहतात. म्हणून मी तो लहान करून घेतला. ‘2050 पर्यंत गव्हाचं उत्पादन इतके टक्के घटणार’ अशा बातम्या तुम्ही वाचता. हा आकडा येतो कुठून? जे पीक अजून पेरलंच नाही, त्याचं उत्पन्न कोण मोजतं आणि कसं? आणि आपण त्यावर किती विश्वास ठेवायचा? आज एवढंच बोलू.

तुमच्यापैकी बरेच जण शहरातले आहात. मघाशी एकीने मला सरळच सांगितलं, ‘मॅडम, आमच्याकडे सात पिढ्यांत कुणाच्या नावावर शेत नाही.’ बरोबर आहे. महाराष्ट्रातले बहुसंख्य मुस्लिम शहरांत राहतात आणि देशभरातही शेतीत काम करणाऱ्यांमध्ये मुस्लिमांचा वाटा इतरांपेक्षा कमी आहे, हे सच्चर समितीने 2006 सालीच नोंदवलंय. पण मालेगाव-भिवंडीचा यंत्रमाग कापसावर चालतो. बागवानाची गाडी भाजी-फळांवर चालते. बेकरी मैद्यावर चालते. आणि घरातला सगळ्यात मोठा खर्च कशावर होतो, ते अम्मीला विचारा. सातबाऱ्यावर नाव नसलं म्हणजे पिकाशी संबंध नाही असं होत नाही.

आता मॉडेलकडे येऊ. मॉडेल म्हटलं की काहीतरी गूढ वाटतं. प्रत्यक्षात हे मॉडेल म्हणजे रोज एक ओळ लिहिणारी हिशेबाची वही आहे. पेरणीच्या दिवसापासून सुरू करायचं. आज कमाल तापमान किती, किमान किती, पाऊस किती, ऊन किती. जमिनीत काल किती ओल होती, आज किती उरली. एवढ्या उन्हात आणि एवढ्या पाण्यात रोपाने किती अन्न तयार केलं. त्यातलं मुळाला किती गेलं, पानाला किती, दाण्याला किती. मग दुसरा दिवस. असे शंभर-सव्वाशे दिवस मांडले की शेवटी हेक्टरी किती क्विंटल ते येतं. नेदरलँड्समध्ये सी. टी. डे विट यांनी 1960 च्या दशकात या कामाचा पाया घातला. आज अमेरिकेत वाढलेलं डीएसएसएटी आहे, ऑस्ट्रेलियाचं एपीएसआयएम आहे, आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने आपल्या पिकांसाठी तयार केलेलं इन्फोक्रॉप आहे.

यातला एक हिशेब हातानेच करून पाहू, कारण सगळ्याची चावी तिथे आहे. पीक कॅलेंडर बघून पिकत नाही, ते उष्णता जमवत जातं. समजा एखाद्या पिकाला 10 अंशांच्या वरची उष्णताच कामाची आहे आणि पेरणीपासून पक्व होईपर्यंत त्याला अशा एकूण 1000 ‘अंश-दिवसां’ची गरज आहे. दिवसाचं सरासरी तापमान 25 अंश असेल तर रोज 15 जमा होतात. 67 दिवसांत काम पूर्ण. तापमान 27 झालं तर रोज 17 जमा होतात. 59 दिवसांत पूर्ण. म्हणजे पीक आठ दिवस आधी तयार. ऐकायला बरं वाटतं. पण हे आठ दिवस कापले गेले ते ऊन खाऊन दाणा भरण्याचे दिवस होते. पीक लवकर आलं, पण हलकं आलं. आकडे मी सोयीचे घेतलेत, पण गव्हाच्या बाबतीत नेमकं हेच होतं. त्यात दाणा भरताना उष्णतेची लाट आली तर पानं अवेळी पिवळी पडतात आणि दाणा पोचट राहतो.

2022 चा मार्च आठवतोय का? देशाचं सरासरी कमाल तापमान 1901 पासूनच्या कुठल्याही मार्चपेक्षा जास्त होतं. फेब्रुवारीत सरकारचा अंदाज होता की गहू 11 कोटी 13 लाख टन होईल. मे महिन्यात तो साडेदहा कोटींवर आणला गेला आणि 13 मे रोजी गव्हाची निर्यात बंद झाली. पंजाब-हरियाणातल्या शेतात दाणा सुरकुतला, त्याचा परिणाम मुंबईतल्या पिठाच्या भावापर्यंत पोचला. 2012 साली डेव्हिड लोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर भारतातल्या गव्हाचे उपग्रहाने टिपलेले फोटो तपासले होते. त्यांना दिसलं ते असं, की अति उष्णतेत गहू जितक्या लवकर पिवळा पडतो तितका त्या वेळची मॉडेल्स दाखवत नव्हती. म्हणजे मॉडेल चुकतं तेव्हा नेहमी घाबरवण्याच्या बाजूनेच चुकतं असं नाही. कधी ते उगीच धीरही देतं.

चहाच्या वेळी एका मुलाने विचारलं, ‘पण मॅडम, पुढे काय होणार हे तर गैबचं इल्म आहे, ते फक्त अल्लाहला.’ त्याने प्रामाणिकपणे विचारलं होतं, म्हणून उत्तरही सरळ देते. तुमच्या मशिदीत नमाजच्या वेळांचा तक्ता लावलेला असतो. पुढच्या डिसेंबरातल्या फजरची वेळ त्यात आजच छापलेली असते. सूर्य क्षितिजाखाली किती अंश असेल, असरला सावली किती लांब असेल, हे गणित करून तो तक्ता बनतो. तेही मॉडेलच. त्याला कुणी गैबचा दावा म्हणत नाही. उलट मिनिट बघून अजान देतात. चंद्राच्या बाबतीत आपण अजून भांडतो, ती गोष्ट वेगळी.

फरक आहे तो खात्रीचा. सूर्याचं गणित जवळजवळ पक्कं आहे, उद्याच्या पावसाचं कमी पक्कं, 2050 च्या सोयाबीनचं आणखी कमी. आणि मुख्य म्हणजे 2050 चा आकडा ‘असं होणार’ म्हणतच नाही. तो म्हणतो, जर कार्बन इतका वाढला, जर पाऊस असा पडला, जर शेतकऱ्याने हेच बियाणं याच तारखेला पेरलं, तर इतकं येईल. बातमी छापताना ‘जर’ गळून पडतो आणि ‘तर’ तेवढा मथळ्यात उरतो.

दुष्काळात आपल्याकडे ईदगाहवर नमाज-ए-इस्तिस्का पढली जाते. पढावी, माझा त्याला विरोध नाही. पण हजरत युसूफ अलैहिस्सलाम यांचा किस्सा आपण सगळ्यांनी ऐकलाय. सात वर्षं सुकाळाची, सात दुष्काळाची. या किस्स्यातून विज्ञान काढून ‘बघा, आमच्याकडे हे आधीच होतं’ म्हणणाऱ्यांत मी नाही; ती सवय आपल्याला फार महागात पडली आहे. मला त्यात एवढंच दिसतं की इशारा मिळाल्यावर लोक हात बांधून बसले नाहीत. धान्य कणसातच राखून ठेवायचं आणि खाण्यापुरतं काढायचं, इतका बारीक सल्ला त्यात आहे.

आता ‘जर’ बदलला की आकडा किती हलतो, ते बघा. 2010 साली जगभरच्या संशोधकांनी एजमिप नावाचा प्रकल्प सुरू केला. त्याच्या संस्थापकांपैकी सिंथिया रोझेनझ्वाइग यांना पुढे 2022 चं वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. कल्पना साधी होती: एकच हवामान, एकच जमीन सगळ्या मॉडेलना द्यायची आणि उत्तरं शेजारी ठेवायची. 2013 साली गव्हाच्या 27 मॉडेलची अशी परीक्षा झाली, आणि उत्तरं चांगलीच फाकली. कोणतंही एक मॉडेल कायम बरोबर नव्हतं, पण सगळ्यांची मधली किंमत बऱ्यापैकी विश्वासाची निघाली. अनेक साक्षीदारांचं जुळवून घ्यावं तसं हे आहे.

मक्याचं तर आणखी बोलकं आहे. कार्बन भरमसाट वाढत राहिला तर शतकाच्या अखेरीस जगातल्या मक्याच्या उत्पादकतेत 1 टक्का वाढ होईल, असं मॉडेलच्या आधीच्या फेरीत निघालं होतं. 2021 साली नवी फेरी प्रसिद्ध झाली, हवामानाची मॉडेल नवी, पिकांची सुधारलेली. त्यात तोच आकडा 24 टक्के घट असा झाला. गव्हाची वाढ मात्र 9 टक्क्यांवरून 18 वर गेली. कुणी म्हणेल, मग यांना काहीच कळत नाही. मी म्हणेन, कळत गेलं म्हणूनच आकडा बदलला, आणि तो बदलला हे त्यांनी स्वतःच छापलं. आपल्या किती संस्था असं करतात?

‘पण गहू वाढणार म्हणताय, मग 2022 चं काय?’ हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तुम्ही नीट ऐकताय. ती जागतिक सरासरी आहे. थंड देशांत गव्हाला उबदारपणा फायद्याचा ठरतो. आपला गहू आधीच त्याच्या सोसण्याच्या टोकाला उभा आहे. शिवाय त्या वाढीत कार्बन डायऑक्साइडचा हात आहे. औद्योगिक युगाच्या आधी हवेत तो दहा लाखांत 280 भाग होता, आता 420 च्या वर गेलाय. गहू, भात, सोयाबीन, तूर, कापूस यांना तो खतासारखा लागू पडतो. ज्वारी, बाजरी, मका, ऊस यांची अन्न बनवायची रीतच वेगळी आहे, त्यांना थेट फायदा फारसा नाही. या फायद्यालाही खोट आहे. वाढलेल्या कार्बनमध्ये उघड्या शेतात वाढवलेल्या गहू-भाताच्या दाण्यात जस्त आणि लोह कमी भरतं, हे 2014 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं. पोतं भरेल, पण त्यातला कस कमी. ज्या घरांत ताटात मुळात चपाती-भातच जास्त, गोश्त आणि फळं कमी, तिथल्या मुलींचं हिमोग्लोबिन यात कुठे जाईल, हे क्विंटलच्या आकड्यात दिसत नाही.

आता आपल्या देशाचे आकडे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा निक्रा नावाचा प्रकल्प 2011 पासून चालू आहे. त्याच्या आधारे सरकारने संसदेत सांगितलेले अंदाज असे: काही उपाय केले नाहीत तर कोरडवाहू भात 2050 पर्यंत 20 टक्के आणि 2080 पर्यंत 47 टक्के घटेल, ओलिताचा भात मात्र साडेतीन आणि 5 टक्केच. गहू 19.3 आणि 40 टक्के. खरीप मका 18 आणि 23 टक्के. सोयाबीन उलट वाढेल, 2080 पर्यंत 14 टक्के.

कोरडवाहू आणि ओलीत यांतली दरी पाहिलीत? आपल्या फिकहने हा भेद फार पूर्वी ओळखला होता. पावसाच्या पाण्यावर पिकलं तर उश्र, म्हणजे दहावा हिस्सा. मोटेने पाणी काढून पिकवलं तर विसावा. पाण्यासाठी कष्ट आणि पैसा लागला, म्हणून देणं निम्मं. आता तराजू फिरलाय. पावसावरच्या शेतकऱ्याचा पाण्याचा खर्च नसेल, पण सगळी जोखीम त्याच्या डोक्यावर आहे. आणि हो, याआधीच्या काही वर्षांतल्या सरकारी उत्तरांत कोरडवाहू भाताची घट अडीच टक्क्यांहून कमी आणि ओलिताची 7 ते 10 टक्के दिली होती. म्हणजे दोघांचा क्रमच उलटा! म्हणून म्हणते, आकडा पाठ करू नका, त्यामागचे ‘जर’ मागा. बियाणं कोणतं धरलं, कार्बनचा फायदा धरला की नाही, पाऊस कुठल्या मॉडेलचा घेतला.

पावसाचं दुखणं मोठं आहे. हवामानाचं जागतिक मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडतं. एकेक चौकोन साधारण शंभर किलोमीटरचा. त्यात अख्खा जिल्हा मावतो आणि पाऊस सगळीकडे सारखा पडतो. मराठवाड्यात शिवाराच्या एका अंगाला पाऊस आणि दुसऱ्या अंगाला धूळ, हे आपण पाहतो. शिवाय ही मॉडेल्स पाऊस थोडा थोडा, जास्त दिवसांवर वाटून टाकतात. प्रत्यक्षात चार दिवस झोडपतो आणि मग वीस-पंचवीस दिवसांचा खंड. महिन्याची बेरीज तीच, पण फुलोऱ्यात आलेलं सोयाबीन गेलं. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 नंतरचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता, सरासरीपेक्षा 36 टक्के कमी. आणि 2025 च्या सप्टेंबरात त्याच मराठवाड्यात पिकासकट माती वाहून गेली. साचलेलं पाणी, खरवडून गेलेली जमीन, खोडमाशी, यलो मोझॅक हे बहुतेक मॉडेलमध्ये नीट येत नाही, काहींत अजिबात येत नाही. तेव्हा सोयाबीनच्या त्या अधिक 14 टक्क्यांवर मराठवाड्यातल्या कुणी कर्ज काढू नये.

जमिनीचंही तसंच. रब्बी ज्वारी पावसावर नाही, जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते. भारी काळ्या रानात ती तग धरते, मुरमाड रानात करपते. मॉडेलला जमिनीची खोली सांगावी लागते. ती चुकीची सांगितली तर बाकी गणित कितीही सुंदर असो, उत्तर चूकच. हे काम आपल्या राज्यात थोडं झालंय. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे पोकरात, पाच हजारांहून अधिक गावांसाठी पाण्याचा ताळेबंद मांडायला आयआयटी मुंबईची मदत घेतली गेली. गावात पडलेलं पाणी किती, वाहून गेलेलं किती, मुरलेलं किती, पिकाला लागणार किती. मला 2080 च्या आकड्यापेक्षा असा यंदाचा ताळेबंद जास्त मोलाचा वाटतो.

आणि काही पिकांकडे तर मॉडेलवाल्यांचं लक्षच कमी गेलंय. गहू, भात, मका, सोयाबीन यांच्यावर ढीगभर काम आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या हापूसवर त्या मानाने किरकोळ. कोकणातली किती तरी मुस्लिम घरं कलमांवर उभी आहेत. थंडी उशिरा पडली की मोहोर उशिरा, अवकाळी आला की मोहोर काळा, मार्चमध्ये उष्मा वाढला की कैरी गळते. एकाच झाडाचा वर्षानुवर्षांचा हिशेब शंभर दिवसांच्या वहीत मावत नाही.

तिथे पैशाचा प्रश्न आजच आहे. हवामानावर आधारित फळपीक विम्यात भरपाई झाड बघून ठरत नाही, मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राचा आकडा बघून ठरते. तापमान ठरलेल्या मर्यादेच्या वर इतके दिवस गेलं तर इतके रुपये. केंद्र एका ठिकाणी, बाग डोंगराच्या पलीकडे. म्हणजे पुन्हा ‘जर’ कुणी लिहिला आणि कुठे मोजला, हाच प्रश्न.

मॉडेल जिथे थांबतं तिथे आपलं काम सुरू होतं, असं मला वाटतं. ते हेक्टरी क्विंटलवर थांबतं. कापूस वेचणाऱ्या बाईला किलोवर मजुरी मिळते. पीक 20 टक्के घटलं तर तिची मजुरीही तेवढीच घटते, आणि तिच्यासाठी कुठलाही पीकविमा नाही. बटईने कसणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नाही, म्हणून नुकसानीचा पंचनामा झाला तरी पैसे मालकाच्या खात्यात. आपल्या समाजात जमीन कमी म्हणजे बटई आणि मजुरीच जास्त. केंद्र सरकारच्या 2017-18 च्या आर्थिक पाहणीत म्हटलंय की हवामान बदलामुळे शेतीचं उत्पन्न सरासरी 15 ते 18 टक्के आणि कोरडवाहू भागात 20 ते 25 टक्क्यांपर्यंत घटू शकतं. हे शेतीचं उत्पन्न झालं. वेचणीवालीचं, हमालाचं, गाडीवाल्या बागवानाचं गणित कुणी मांडलंय? मांडायला कुणी तरी आपल्यातलंच लागेल.

त्याला फार भांडवल लागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचं अ‍ॅक्वाक्रॉप मोफत मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं. कॉम्प्युटर शिकलेली मुलं-मुली आपल्याकडे आता पुष्कळ आहेत. त्यांनी एकदा तरी शेतावर जाऊन पेरणीची तारीख, पहिला पाऊस, खंडाचे दिवस, उतारा आणि मजुरी असं एका गावाचं पाच वर्षांचं लिहून आणावं. म्हाताऱ्या माणसांना हे तोंडपाठ असतं. कागदावर नसतं.

जेवणानंतर दोन ते चार आपण तेच करणार आहोत. ज्यांनी लॅपटॉप आणलेत त्यांनी पुढे बसा, बाकीच्यांनी तिघांत एक करून घ्या. सोयाबीन घेऊ. आधी नेहमीचं हवामान घालू, मग तापमान दोन अंशांनी वाढवू, मग पाऊस तेवढाच ठेवून ऑगस्टमध्ये पंचवीस दिवसांचा खंड पाडू. शेवटी पेरणी पंधरा दिवस पुढे-मागे करून बघू. जोहरची नमाज दीडला आहे, म्हणजे तक्त्याप्रमाणे.